देह बाहेर, आत्मा आत

‘तू म्हणजे हा देह नव्हेस’ हे आपण पहिल्यांदा कुठे ऐकलं, ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही नेमकं सांगता येणार नाही. कीर्तनात, दहाव्याच्या घाटावर, शाळेतल्या गीतापठण स्पर्धेत, आजीच्या पोथीत, असं ते कुठूनही कानावर पडलेलं असतं. अलीकडे ते ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये आणि आयटी कंपन्यांच्या ‘वेलनेस’ सत्रांतही ऐकू येतं. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून पाठ धरलेल्या तीस-चाळीस इंजिनिअरांना डोळे मिटायला सांगतात आणि एक शांत आवाज त्यांना सांगतो की दुखणारी पाठ म्हणजे तुम्ही नव्हे. सत्र संपलं की सगळे पुन्हा त्याच खुर्चीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. आत्मा आहे की नाही, याचा निकाल लावायला हा लेख लिहीत नाही. माझा प्रश्न इतिहासाचा आहे आणि तसा साधा आहे. खरा ‘मी’ देहाहून वेगळा आहे आणि तो सगळ्यांत एकच आहे, असं सांगणारी परंपरा ज्या समाजात जन्मली, त्याच समाजात कुणी कुठे बसायचं, कुठलं पाणी भरायचं, कुणाच्या सावलीचा विटाळ मानायचा, हे सगळं देहावरून ठरत होतं. जात आत्म्याला नसते, हे तर आपले सगळे आचार्य मान्य करतात. म्हणजे ती उरली देहाला. आणि देह जर ‘मी’ नाहीच, तर त्या देहाला चिकटलेली जात इतकी पक्की कशी राहिली?

इंद्र परत आला, विरोचन गेला

छांदोग्य उपनिषद हे सर्वांत जुन्या उपनिषदांपैकी एक. इसवीसनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं मानलं जातं. त्याच्या आठव्या अध्यायात एक गोष्ट आहे. जरा, मृत्यू, शोक, भूक, तहान यांपलीकडचा आत्मा ज्याने जाणला त्याला सगळं मिळालं, असं प्रजापती म्हणाल्याचं देव आणि असुर दोघांच्याही कानावर जातं. देवांकडून इंद्र येतो, असुरांकडून विरोचन. दोघेही हातात समिधा घेऊन शिष्य म्हणून ३२ वर्षं राहतात. मग प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या भांड्यात डोकवायला सांगतो. दोघांना आपापलं प्रतिबिंब दिसतं. नटून-सजून पुन्हा बघा म्हटल्यावर नटलेलं प्रतिबिंब दिसतं. हाच आत्मा, असं प्रजापती सांगतो आणि दोघे समाधानाने निघतात.

विरोचन थेट घरी पोचतो आणि असुरांना शिकवतो, की देह हाच आत्मा, त्याचीच सेवा करा. इंद्राला मात्र वाटेतच शंका येते. देह सजला की हा आत्मा सजतो, तर देह आंधळा झाला की हाही आंधळा होणार, देह गेला की हाही जाणार. मग यात मिळवलं काय? तो परत फिरतो. आणखी ३२ वर्षं राहतो. मग स्वप्नातल्या ‘मी’चं उत्तर मिळतं, तेही पटत नाही. पुन्हा ३२. मग गाढ झोपेतल्या ‘मी’चं. तेही नाही. शेवटी आणखी पाच, अशी एकूण १०१ वर्षं झाल्यावर त्याला कळतं की मर्त्य देह हे अमर, अशरीरी आत्म्याचं केवळ राहण्याचं ठिकाण आहे.

ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात शिष्याची शंका हीच मोठी पात्रता ठरते. पण याच उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात दुसरी एक शिकवण आहे आणि ती कीर्तनात सहसा येत नाही. प्रवाहण जैवली हा राजा श्वेतकेतूच्या वडिलांना, उद्दालक आरुणीला, मेल्यानंतर माणूस कुठे जातो ते सांगतो. हे ज्ञान आजवर ब्राह्मणांकडे गेलेलं नव्हतं, असंही बजावतो. त्या ओघात तो म्हणतो, की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत येतात आणि ज्यांचं वाईट ते कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनीत.

या दोन शिकवणी मुळात वेगळ्या तोंडची, कदाचित वेगळ्या काळाचीही असतील. पण त्या एकाच ग्रंथात बसल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्या एकत्र वाचल्या. एकत्र वाचल्यावर अर्थ असा निघतो की तू देह नाहीस, पण तुला मिळालेला देह ही तुझ्याच मागच्या कर्मांची मजुरी आहे. पहिल्या शिकवणीने जातीचा पाया काढून घेतला होता. दुसरीने तिला नवा, आणखी खोल पाया दिला, कारण आता चांडाळाच्या झोपडीचं कारण गावात शोधायची गरज उरली नाही. ते त्याच्याच गेल्या जन्मात सापडत होतं.

अध्यास आणि अधिकार

आठव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवात ‘अध्यास’ या कल्पनेने केली. एका वस्तूवर दुसरीचे गुणधर्म लादणं म्हणजे अध्यास. मी जाडा, मी बारीक, मी गोरा असं माणूस म्हणतो तेव्हा तो देहाचे धर्म आत्म्यावर लादत असतो. इथवर आपण ऐकलेलं असतं. पण आचार्य याच्या एक पाऊल पुढे जातात. अमक्या वर्णाच्या माणसाने अमुक यज्ञ करावा, असं सांगणारी शास्त्रंसुद्धा वर्ण, आश्रम, वय वगैरेंचा आत्म्यावर झालेला अध्यास गृहीत धरूनच चालतात, असं ते स्पष्ट लिहितात. म्हणजे ‘मी ब्राह्मण आहे’ हे ‘मी जाडा आहे’ याच जातीचं विधान. भारतीय तत्त्वज्ञानात वर्णाबद्दल इतकं धाडसी वाक्य फार थोड्यांनी लिहिलं असेल.

त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘अपशूद्राधिकरण’ येतं. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे का, हा तिथला प्रश्न. आचार्यांचं उत्तर असं, की उपनयन नाही म्हणून वेदाध्ययन नाही आणि वेदाध्ययन नाही म्हणून वेदमार्गे या विद्येचा अधिकार नाही. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतण्याचं स्मृतिवचन ते आधार म्हणून देतात. छांदोग्यातच रैक्व ऋषी जानश्रुती राजाला ‘शूद्र’ अशी हाक मारून विद्या देतो. तिथे ‘शूद्र’ शब्दाचा अर्थ शोकाने धावत आलेला, असा व्युत्पत्तीने लावला जातो. विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान होतं, हे नाकारता येत नाही. त्याचं कारण पूर्वजन्मीचे संस्कार. इतिहास-पुराणांतून ज्ञान मिळवायची वाट मात्र चारही वर्णांना मोकळी ठेवलेली आहे.

आचार्य सूत्रांशी बांधलेले भाष्यकार होते, हे खरं. पारमार्थिक सत्य आणि व्यावहारिक सत्य या दोन पातळ्या त्यांनी मांडल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या मांडणीत विसंगती नाही, असं जाणकार सांगतात. मलाही तर्काची चूक दिसत नाही. पण माझ्या कामात एक गोष्ट रोज दिसते. डॉक्युमेंटेशनमध्ये काय लिहिलंय यावर प्रोग्रॅम चालत नाही, कॉन्फिगरेशनमध्ये काय आहे यावर चालतो. अद्वैत डॉक्युमेंटेशनमध्ये राहिलं. कॉन्फिगरेशन स्मृतींच्या हातात राहिलं. आणि एका पातळीवरचं दुसऱ्या पातळीवर कधीच उतरू नये, याचीच व्यवस्था ‘दोन पातळ्या’ या शब्दांनी केली.

ही फट लोकांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘मनीषापंचक’ या स्तोत्राभोवतीची कथा प्रसिद्ध आहे. काशीत आचार्य गंगेकडे निघालेले असताना समोरून चांडाळ येतो. त्याला बाजूला व्हायला सांगितलं जातं, तेव्हा तो विचारतो, की बाजूला कोणी व्हायचं? देहाने म्हणशील तर दोघांचेही देह अन्नाचेच, आणि आत्मा तर हलतच नाही. आचार्य त्याला गुरू मानतात. कथा घडली असो वा नसो, ज्याने ती रचली त्याला प्रश्न अचूक कळला होता. पण पुढे कथा सांगते, की तो चांडाळ म्हणजे साक्षात शंकर होता. म्हणजे शेवटी त्या वाटेवर खरा चांडाळ उरतच नाही. नमस्कार देवाला होतो. चांडाळ रोजच्यासारखा बाजूलाच राहतो.

गंमत म्हणजे देहालाच आत्मा मानणारे चार्वाक जातीवर सरळ बोट ठेवू शकत होते. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या महाकाव्यात, सतराव्या सर्गात, चार्वाकाचं पात्र विचारतं, की कुळ शुद्ध ठरवायचं तर आईबापांच्या दोन्ही बाजूंचे झाडून सगळे पूर्वज शुद्ध होते याची खात्री कोण देणार? श्रीहर्ष स्वतः अद्वैती होता आणि हा प्रश्न त्याने विरोधकाच्या तोंडी घातला आहे. पण जो देहावरच थांबतो त्याला देहाबद्दलची लबाडी लवकर दिसते, हे त्यातून कळतंच.

क्षेत्र आणि विटाळ

हा विचार मराठीत आला तो गीतेच्या तेराव्या अध्यायाचं बोट धरून. तिथे देहाला ‘क्षेत्र’ म्हटलं आहे आणि ते जाणणाऱ्याला ‘क्षेत्रज्ञ’. मराठीत क्षेत्र म्हणजे शेत आणि क्षेत्र म्हणजे तीर्थाचं गावही. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरांनी हा अध्याय मराठीत विस्ताराने सांगितला. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना आणि भावंडांना समाजाने बाहेर ठेवलं होतं. जन्माचा डाग देहाला कसा चिकटवतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते वेदाला चक्क कंजूष ठरवतात, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. गीतेने ती उणीव भरून काढली, असं त्यांचं म्हणणं. ऐकण्याच्या अधिकाराचं दार त्यांनी उघडलं. पण क्षेत्र नावाच्या गावातल्या देवळाचं दार उघडायला आणखी साडेसहाशे वर्षं लागायची होती.

त्या दाराबाहेर चोखोबा उभे होते. मंगळवेढ्याचे, जातीने महार. देवाने त्यांना आत नेलं म्हणून त्यांनाच चंद्रभागेपलीकडे जाऊन राहायला सांगण्यात आलं, असं महिपतीसारखे चरित्रकार सांगतात. आपण मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून महाराच्या जन्माला आलो, असं सांगणारा एक अभंग चोखोबांच्या नावावर आहे. छांदोग्याचा पाचवा अध्याय कुणी न शिकवता वेशीबाहेरच्या झोपडीपर्यंत पोचला होता. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच तोंडून अन्यायाचं कारण वदवून घेणं, याहून मोठं यश कुठल्याही व्यवस्थेला मिळत नाही.

पण याच घरात दुसरा आवाजही होता. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांचा विटाळावरचा अभंग आज अनेकांना गाण्यामुळे माहीत आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की देहाला विटाळ म्हणता, तर विटाळाशिवाय देह जन्मालाच येत नाही. तो देहातच तयार होतो. मग असा एक देह दाखवा जो त्यातून आलेला नाही. आणि आत्मा तर शुद्धच आहे. म्हणजे सोवळं नेमकं कोण आणि कशाच्या बळावर?

इथे ‘विटाळ’ या शब्दाकडे नीट पाहायला हवं. महाराच्या स्पर्शाला विटाळ म्हणत आणि बाईच्या पाळीलाही विटाळच म्हणत. दोन्ही अर्थ एकाच देहावर भोगणारी बाई हा अभंग रचते आहे. तिच्या बाळंतपणाला विठ्ठल नणंदेचं, निर्मळेचं, रूप घेऊन आला, अशी कथा वारकऱ्यांत सांगतात. देवाने सुवेराचं काम केलं. देहाला तुच्छ मानणाऱ्या कुणाला ही कथा सुचली नसती. सोयराबाई देह नाकारत नाहीत. सगळ्यांचे देह एकाच वाटेने आले आहेत, एवढंच त्या दाखवून देतात, आणि मग आत्म्याची गोष्ट काढतात.

हा फरक मला घरात कळला. आमच्याकडे दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण असायचं. एका वर्षी तेराव्या अध्यायाच्या दिवशी आई ‘बाजूला’ होती. मधल्या खोलीत वाचन चालू, आणि ती दाराबाहेर सतरंजीवर बसून ऐकत होती. देह हे क्षेत्र आणि तू क्षेत्रज्ञ, हे आतून मोठ्या आवाजात सांगितलं जात होतं, आणि ज्या देहाला ती नाहीच त्याच देहामुळे ती बाहेर होती. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईलाही नाही. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, “ऐकू तर येत होतं ना सगळं.” सोयराबाईंचा अभंग तिला पाठ आहे.

वज्रसूची

सोयराबाईंचा युक्तिवाद संस्कृतात एका छोट्या ग्रंथाने आधीच मांडला होता. त्याचं नाव ‘वज्रसूची’, म्हणजे हिऱ्याची सुई. त्याची दोन रूपं आहेत. एक उपनिषद म्हणून १०८ उपनिषदांच्या यादीत आहे, दुसरं बौद्ध परंपरेत अश्वघोषाच्या नावावर आहे. उपनिषदाची पद्धत एखाद्या चांगल्या इंजिनिअरने बिघाड शोधावा तशी आहे. ब्राह्मण म्हणजे कोण? एकेक शक्यता घ्यायची आणि बाद करायची. जीव म्हणावं तर तो अनेक देहांतून फिरतो. देह म्हणावं तर सगळ्यांचे देह त्याच पाच भूतांचे, तसेच म्हातारे होणारे, तसेच मरणारे. शिवाय देह ब्राह्मण असेल तर बापाचं प्रेत जाळणाऱ्या मुलाला ब्रह्महत्येचं पाप लागायला हवं. जन्म म्हणावं तर अगस्त्य घड्यातून आला आणि व्यास कोळ्याच्या मुलीच्या पोटी. ज्ञान, कर्म, दानधर्म यांचीही अशीच वाट लागते. शेवटी ज्याला आत्म्याचा साक्षात्कार झाला तोच ब्राह्मण, एवढंच उरतं.

प्रेत जाळण्याचा मुद्दा मला थक्क करतो. अंत्यसंस्कार जी गोष्ट रोज घाटावर सिद्ध करत होता, ती कुणी तरी उचलून जातीसमोर ठेवली.

ही सुई मराठीत आणली ती सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००). खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या वेरूळजवळच्या देवगावच्या. ब्राह्मण घरात जन्मलेल्या, तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी लग्न झालेलं. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनाला जाऊ लागल्या, तुकारामांचे अभंग ऐकले, वासराच्या मरणाने आतून हलल्या आणि स्वप्नात तुकारामांचा उपदेश झाला. ब्राह्मणाची बायको शूद्राला गुरू मानते, हे नवऱ्याला सहन झालं नाही. त्याने त्यांना मारहाण केली. हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलं आहे. पुढे कुटुंब देहूला गेलं आणि तुकारामांचं प्रत्यक्ष दर्शन झालं.

बाईचा जन्म म्हणून वेदाचं दार बंद, ही खंत त्या उघडपणे मांडतात. मग त्यांनी वज्रसूची अभंगांत का आणली असेल, याचं उत्तर मला त्यांच्या आयुष्यातच दिसतं. त्यांना हा ग्रंथ तत्त्वचर्चेसाठी नको होता. ‘शूद्राला गुरू कसा करतेस?’ हा प्रश्न त्यांना माराबरोबर विचारला गेला होता. त्याचं उत्तर हवं होतं आणि ते शास्त्रातूनच हवं होतं. देहावरून ब्राह्मण ठरत नाही, हे सिद्ध झालं की तुकाराम गुरू ठरतात आणि त्या शिष्या. मृत्युशय्येवर त्यांनी मुलाला आपले मागचे १२ जन्म सांगितले, अशी परंपरा आहे. पुनर्जन्माची ही कल्पना छांदोग्यापासूनचीच. पण इथे ती शिक्षेचा हिशोब म्हणून येत नाही. एक बाई आपली दीर्घ वाटचाल सांगते, अशी येते.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी वज्रसूचीला छापखाना मिळाला. नेपाळात राहिलेल्या ब्रायन हॉजसन यांनी बौद्ध वज्रसूचीचं इंग्रजी भाषांतर १८२९ साली प्रसिद्ध केलं. १८३९ साली सिहोरचे इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी ती मुळासकट छापायला घेतली, तेव्हा त्याच पुस्तकात तिचं खंडनही जोडलं गेलं. ते ‘लघुटंक’ लिहिणारे सुबाजी बापू हे खगोलाचे जाणकार होते. ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहून त्यांनी पृथ्वी गोल असल्याचं, पुराणांतला भूगोल बाजूला सारून, सांगितलं होतं. पृथ्वीच्या आकाराबद्दल पुराण सोडायला तयार असलेला माणूस जातीबद्दल सोडायला तयार नव्हता. आपल्याकडच्या सुशिक्षितांचा हा साचा तेव्हापासूनचा असावा.

दार

चोखोबांचा मृत्यू १३३८ साली मंगळवेढ्यात झाला, असं परंपरा सांगते. गावकुसाची भिंत बांधण्याच्या वेठीवर असताना ती कोसळली आणि मजूर तिच्याखाली गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. या कथेत चोखोबांचा आत्मा कुठे गेला याची कुणाला चिंता नाही. नामदेव हाडं शोधतात. ज्या देहाला आत घेतलं नाही त्या देहाचं उरलंसुरलं ते दारापर्यंत आणून ठेवतात. दाराच्या आत ते त्यांनाही नेता आलं नाही.

तिथून सहा शतकं लाखो वारकरी त्या समाधीसमोरून आत गेले. चोखोबांचे अभंग गात गेले. आणि चोखोबांच्या जातीची माणसं समाधीपाशीच थांबत राहिली. अभंग आत आणि माणूस बाहेर. या लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला या दृश्यात दिसतं.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर दौरा करून मंदिरप्रवेशासाठी लोकमत तयार करत होते. दहा दिवस उपास झाल्यावर मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. आत्म्याच्या एकतेवरची प्रवचनं सहाशे वर्षं करू शकली नव्हती ते एका झिजत्या देहाने आणि एका कायद्याने दहा दिवसांत, एका वर्षात, करून घेतलं. साने गुरुजी स्वतः भक्त होते, गीतेवर त्यांची श्रद्धा होती. पण दार हलवायला त्यांना देहच पणाला लावावा लागला.

पुढच्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये एक प्रकरण याच प्रश्नावर आहे. माणसामाणसांत एकच ब्रह्म आहे, या विचाराहून लोकशाहीला भक्कम पाया मिळणं अवघड, असं ते तिथे मान्य करतात. मग विचारतात, की तरीही या विचाराने समाज का बदलला नाही? त्यांचं उत्तर असं, की ब्रह्माचा विचार धर्माच्या, म्हणजे वागण्याच्या नियमांच्या, मुळाशी कधी ठेवलाच गेला नाही. शंकराचार्यांनी सर्वव्यापी ब्रह्मही शिकवलं आणि समाजातली विषमताही सांभाळली, हे त्यांनी थेट लिहिलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. त्या धम्मात आत्माच नाही. देह नाकारल्याने समता येत नाही, हे पाहिलेल्या माणसाने आत्मा सोडून दिला आणि माणसामाणसांतलं वागणं धरलं.

पण आत्मा न सोडता हाच प्रश्न सोडवणारेही होते. शंकराचार्यांच्याच केरळात, इळव समाजात जन्मलेल्या नारायण गुरूंनी १८८८ साली अरुविप्पुरम इथे नदीतला दगड उचलून शिवलिंग म्हणून स्थापन केला. त्या काळी हा अधिकार ब्राह्मणांचा होता. नारायण गुरू पक्के अद्वैती होते. आचार्यांचंच तत्त्वज्ञान त्यांनी घेतलं, फक्त दोन पातळ्यांमधली भिंत घेतली नाही.

म्हणून मला वाटतं, की ‘तू देह नाहीस’ या वाक्याचा इतिहास एक नाही, दोन आहेत. वर बसलेल्याने ते खाली बसलेल्याला सांगितलं, तेव्हा त्याचा अर्थ झाला की तुझ्या देहाला काय सोसावं लागतं याला महत्त्व नाही. खालच्याने ते वर बघून म्हटलं, तेव्हा अर्थ झाला की माझ्या देहावरून माझी जागा ठरवायचा तुला हक्क नाही. शब्द तेच आहेत. सोयराबाई आणि बहिणाबाई यांनी दुसरा अर्थ वापरला, कारण पहिला त्यांच्या अंगावर आलेला होता. ‘वेलनेस’वाल्या सत्रातल्या त्या शांत आवाजालाही मी आता हेच विचारतो: हे तू कुणाला, कुठे बसून सांगतोयस, आणि त्यानंतर त्याच्या खुर्चीचं काय होणार आहे?

छांदोग्यातला विरोचन चुकला तो देहाला आत्मा म्हणाला म्हणून, असं आपल्याला शिकवतात. मला त्याची चूक वेगळी वाटते. मिळालेल्या उत्तराने त्याचं लगेच समाधान झालं. इंद्र दर वेळी वाटेत थांबला, या उत्तराने आंधळ्याचं काय, मेलेल्याचं काय, असं विचारून परत फिरला. ‘तू देह नाहीस’ या उत्तरावर समाधान मानून आपण घरी गेलो, तर आपणही विरोचनाच्याच वाटेने गेलो. परत फिरून विचारायचा प्रश्न अजून तसाच आहे. दाराबाहेर बसलेल्याचं काय?